अलमट्टीला जमतं, मग टॉवरला का नाही?

कोगनोळी टोलनाका ओलांडून कागलकडे निघालं की मोबाइल कर्नाटक सोडून महाराष्ट्र धरतो. रोमिंगचे पैसे पडेनात, तेव्हापासून तिकडे कुणी बघतही नाही. मी बघतो, कारण निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी झाली माझी. तेव्हा 08338 वरून 0231 ला फोन लावायचा म्हणजे एसटीडी. लाइन कुठून कुठे गेली हे एक्स्चेंजातल्या तारांच्या मुख्य चौकटीवर, एमडीएफवर, बोट ठेवून दाखवता यायचं.

आता चोर थेट खिशात येतो. मार्च 2025 मध्ये आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, एका वृद्ध दांपत्याने जीव दिला. दिल्लीहून टेलिकॉम खात्यातून बोलतोय, तुमच्या सिमचा गैरवापर झालाय, अशी भीती घालून त्यांना 50 लाखांहून जास्त रुपयांना लुबाडलं होतं. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. पण वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर दरडावू लागला की कायदा आठवतो कुणाला?

निपाणीच्या माणसाचं सिम कर्नाटक सर्कलचं, खातं पुष्कळदा कोल्हापूरच्या बँकेत, आणि पैसे वळतात तिसऱ्याच राज्यात. सायबर हेल्पलाइनच्या 1930 ला फोन केला तर तक्रार नोंदते, हे खरं. पुढचा तपास मात्र राज्याच्या पोलिसांचा. इकडे बेळगावचं सीईएन (सायबर, आर्थिक, अमली पदार्थ गुन्हे) ठाणं, तिकडे कोल्हापूरचं सायबर ठाणं. कॉलचा तपशील हवा तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पत्र. पत्र पोचेतो पैसा चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो.

केंद्राने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2024 च्या टेलिकॉम सायबर सुरक्षा नियमांनुसार नेटवर्कवर हल्ला झाल्याचं कळताच कंपनीने 6 तासांत सांगायचं आहे. सांगायचं कुणाला? केंद्र सरकारला. त्याच टॉवरखाली राहणाऱ्या दोन जिल्ह्यांना कधी कळणार, ते दिल्लीने ठरवायचं. राज्याराज्यांच्या पोलिसांना जोडणारी सात संयुक्त पथकं आहेत, मेवात, जामताऱ्यापासून हैदराबाद, गुवाहाटीपर्यंत. आमच्या सीमेवर एकही नाही.

त्यासाठी दोन सरकारांचं पटत नाही, हे कारण मला पटत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यावर माझं मत काय, हे निपाणीत कुणाला विचारावं लागत नाही. पण 2019 च्या महापुराने कोल्हापूर-सांगली बुडाल्यावर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गासाठी दोन्हीकडचे लोक बोलायला लागलेच की! जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दोन्हीकडचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे आणि बोम्मई यांना समोरासमोर बसवलं, दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री नेमायचं ठरवलं. वाद पेटवायला बनावट ट्विटर खात्यांनी हातभार लावला, हेही त्याच बैठकीनंतर शहांनी सांगितलं. म्हणजे हा विषय त्या टेबलावर येऊन गेलेला आहे.

मग कोल्हापूर आणि बेळगावचा एकेक पोलिस अधिकारी, सोबत टेलिकॉम खात्याच्या दोन्ही सर्कलचा एकेक माणूस, असं कायमचं पथक नेमा. सिम विकणाऱ्यांच्या याद्या एकमेकांना द्या. कॉलच्या तपशिलासाठी एकच अर्ज दोन्हीकडे चालू द्या, आणि तक्रार मराठीत असो की कन्नडमध्ये, ‘तुमच्या हद्दीत जा’ म्हणून कुणाला परत धाडू नका. पहिली बैठक निपाणीत घ्या. कोल्हापूरकरांना 40 किलोमीटर, बेळगावकरांना 75. तेवढं तर दोघांनी सोसावंच.