थट्टा आणि तिचे साक्षीदार

गेल्या महिन्यात काही कामानिमित्त आम्हांस नांदेडहून लातुरास एस. टी. ने जाण्याचा प्रसंग आला. आमच्या पुढच्याच बाकावर एक वृद्ध शीख गृहस्थ बसले होते. लोहा मागे पडले आणि थोड्याच वेळात गाडी रस्त्यात बंद पडली. उतारू कंटाळले, कोणी वेळ विचारू लागले, तो मागच्या बाकावरून एक तरुण मोठ्याने म्हणाला, "घड्याळ कशाला पाहता? सरदारजींना विचारा. बारा वाजले की त्यांना बरोबर कळतं!" अर्धी गाडी हसली. कंडक्टर हसला. ते गृहस्थही किंचित हसले आणि अगदी नांदेडी मराठीत म्हणाले, "पावणेअकरा झालेत बाबा, अजून वेळ आहे." त्यावर दुप्पट हशा पिकला, आणि आपला विनोद ज्याच्यावर केला त्याने तो गोड मानून घेतला, असे त्या तरुणास वाटले. आम्हीही हसलो, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. पुढे अहमदपुरास ते गृहस्थ उतरण्याच्या तयारीत असता आम्ही त्यांस हळूच विचारले, "आपणांस राग नाही आला?" ते म्हणाले, "राग शाळेत असताना यायचा." एवढे बोलून ते पिशवी सावरीत उतरून गेले.

त्या वाक्याने आमचा पुढचा सारा प्रवास अस्वस्थ केला. शाळेत राग यायचा आणि आता येत नाही, म्हणजे मधल्या साठ वर्षांत लोक सुधारले असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांनी हसून उत्तर देण्याची विद्या साध्य केली, एवढाच त्याचा अर्थ. आणि ही विद्या ते शिकले कोठे? तर ज्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला व ग्रंथसाहेबास गुरुपद दिले, ज्या गोदातीरावर महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा उभा राहिला, त्या नांदेडात. येथील दख्खनी शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याबरोबर राहत आली. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर मराठीत भांडतात आणि मराठीत मैत्री करतात. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली तेव्हा त्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला. त्या रस्त्यांवरून आपण सारेच चालतो. मात्र वाटेत फेटा दिसला की आपल्या जिभेवर तोच एक चुटका येतो, आणि त्या माणसाचे गाव, वय, विद्या हे सगळे त्या फेट्यामागे नाहीसे होते.

'बारा वाजले' या थट्टेमागे एक कथा सांगतात. नादिरशहाच्या सैन्याने धरून नेलेल्या बायकामुलींस सोडविण्यासाठी शीख मध्यरात्री, बाराच्या सुमारास, छापे घालीत, अशी ती कथा. इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते ह्याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. परंतु आपण ज्या शब्दांवर हसतो त्या शब्दांतून त्या समाजास आपल्या पूर्वजांचे शौर्य ऐकू येते, एवढे कळले तरी पुष्कळ आहे. कोणी म्हणेल की खुद्द खुशवंतसिंगांनी सरदारजींच्या विनोदांची पुस्तके छापली. छापली खरी. पण आपल्या बापाच्या घोरण्याची नक्कल मुलाने घरात करणे निराळे आणि शेजाऱ्याने ती चव्हाट्यावर करणे निराळे, हा भेद आपल्याकडे शेंबड्या पोरासही कळतो.

लातुरात पोहोचल्यावर त्याच रात्री दुसरा प्रकार आमच्या पाहण्यात आला, आणि तो ह्याहून अधिक बोचणारा होता. शिकवणीच्या वर्गांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले ज्या खानावळींत जेवतात, तशा एका खानावळीत आम्ही जेवावयास बसलो होतो. शेजारच्या मेजावर सहा-सात मुले वैद्यकीय प्रवेशाच्या गोष्टी करीत होती. कोणाला किती गुण पडतील, कोणत्या गुणांवर कोणते महाविद्यालय मिळेल, असे चालले असता एक जण म्हणाला, "आपण मरमर अभ्यास करायचा, आणि सरकारचे जावई आधी मांडवात!" सारे खदखदून हसले. त्यांतला एक सावळासा मुलगा सर्वांच्या मागून, पण सर्वांहून मोठ्याने हसला. तो हात धुण्यास उठला तेव्हा त्याच्या गळ्यातील ओळखपत्राकडे आमचे लक्ष गेले. ते समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहाचे होते, आणि त्याने ते घाईघाईने सदऱ्याच्या आत सारले. परत येऊन तो पुन्हा त्याच मेजावर बसला आणि ताक प्यायला.

तो मुलगा का हसला ह्याचा विचार आमच्या वाचकांनी करावा. रागावला असता तर, 'आम्ही सहज बोललो, तुला का झोंबले?' हा प्रश्न आला असता आणि त्या प्रश्नाबरोबर त्याची जात मेजावर आली असती. गप्प राहिला असता तरी संशय आला असता. हसणे हाच काय तो मार्ग उरला. ज्याच्यावर विनोद होतो त्यालाच टाळी वाजवावी लागते, असा हा विनोद आहे, आणि ह्यासच आपण खेळीमेळी म्हणतो.

'सरकारचे जावई' ह्या शब्दांत गणितही खोटे आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींस १३ टक्के व अनुसूचित जमातींस ७ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठीही परीक्षा द्यावी लागते, यादीत नाव यावे लागते, आणि पुढे वैद्यकाची पदवी सर्वांबरोबर त्याच प्रश्नपत्रिकांवर मिळवावी लागते. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांस १० टक्के जागा मिळू लागल्या. त्या जागा घेणाऱ्यांस कोणी जावई म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आज तर आपल्या मराठवाड्यात आरक्षण मागत नाही असा समाज शोधावा लागेल. जी गोष्ट मागण्यासाठी आपण स्वतः मोर्चात चालतो, ती दुसऱ्यास मिळाली की त्याची थट्टा होते. तेव्हा थट्टेचे कारण जागा हे नव्हे, जात हे आहे.

जातीचे हे विष केवळ तरुणांच्या चुटक्यांत आहे असेही नाही. आपल्या सुशिक्षित घरांतून पसारा झाला की 'काय हा महारवाडा करून ठेवलाय' असे सहज निघून जाते. भावंडे भांडली की 'कैकाड्यासारखे भांडू नका' म्हणून आई दटावते. मुलीने भडक कपडे घातले की तिला 'लमाणीण' म्हणतात. किनवट-माहूरच्या तांड्यांवरून आलेली एखादी मुलगी त्याच घरात आपल्या मुलीची मैत्रीण म्हणून बसलेली असते, ह्याचे भान राहत नाही. कैकाडी आदी जमातींवर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याच्या आधारे जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. वाक्प्रचार मात्र रद्द झाला नाही. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड ह्यांनी, समाज ज्या शब्दाने हिणवीत आला तोच 'उचल्या' हा शब्द आपल्या आत्मकथनास नाव म्हणून दिला. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. लातूरकर त्याचा अभिमान बाळगतात. पण तो शब्द गावच्या पारावर अजून कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे सांगावयास नको.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मराठीत कोणती जात म्हणींतून सुटली आहे? भट, कुलकर्णी, सोनार, न्हावी, वाणी, सर्वांची थट्टा पूर्वजांनी केलीच आहे. १८९९ साली मॅनवेरिंग नावाच्या पाद्र्याने छापलेला मराठी म्हणींचा संग्रह उघडावा, त्यात सर्वांचा उद्धार सापडेल. मग एकानेच रुसावे का? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, परंतु तो टिकत नाही. भटाच्या ओसरीवरील म्हण ऐकून कोणत्याही भटास कोणी विहिरीवरून हाकलले नाही, देवळाबाहेर उभे केले नाही, की जातीमुळे भाड्याची खोली नाकारली नाही. म्हण तीच, पण एका म्हणीच्या पाठीमागे काही नसते आणि दुसरीच्या पाठीमागे सारा गाव काठी घेऊन उभा असतो. ती काठी दिसत नाही ती केवळ मारणाऱ्याच्या बाजूच्यांना.

आणि ती काठी आपल्या प्रांताने पाहिलेली आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि पाठोपाठ खेडोपाडी घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांचा त्या दंगलीत बळी गेला. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. चुटक्याने माणूस मरतो असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या माणसास आपण रोज हसतो, त्याचे घर जळताना धावून जाण्याची सवय आपल्या पायांस उरत नाही, हे १९७८ च्या पावसाळ्यात अनेक गावांनी दाखविले.

आता स्वतःकडे वळू. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले पुण्या-मुंबईस शिकतात त्यांनी मुलांस एकदा विश्वासात घेऊन विचारावे. 'काय करायलास', 'येऊलालो' ही आपली गोड बोली तेथील वसतिगृहांत कशी वेडावून दाखवितात, ते ती सांगतील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आले. त्या साली आमच्या परिचयातील एका मुलास पुण्यातील त्याच्या वर्गमित्रांनी रोज एकच प्रश्न विचारावा, "आज अंघोळ केलीस का रे?" त्यानेही हसण्याची विद्या तेथेच संपादन केली. सुटीत घरी आल्यावर मात्र तो रडला आणि त्याचे वडील संतापले. त्या वडिलांचा संताप आम्ही समजू शकतो. पण त्याच वडिलांच्या दुकानात, गिऱ्हाईक नसलेल्या वेळी, कोणत्या जातीवर कोणते विनोद चालतात तेही आम्ही ऐकलेले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले. कागदावर काही ठिकाणी ती बदललीही, पण पत्ता सांगणारा अजून जुन्याच नावाने बोट दाखवितो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातिजमातींच्या माणसाचा जाणूनबुजून केलेला अपमान दंडनीय ठरविला. जातीचे नाव हिणविण्याच्या हेतूने उच्चारणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, असे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शिखांच्या बाबतीत तसा कायदा नाही. २०१५ साली एका शीख वकील बाईंनी ह्या चुटक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा नैतिक वर्तनाचे नियम न्यायालयाने घालून देता येत नाहीत, अशी भूमिका २०१७ मध्ये न्यायमूर्तींनी मांडली. आम्हांस ती अयोग्य वाटत नाही. प्रत्येक हशामागे शिपाई उभा करता येणार नाही.

परंतु त्या १९८९ च्या कायद्यात एक अट आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी हजर नसता उच्चारलेले शब्द त्या कलमात बसत नाहीत, हे २०२० च्या एका निकालाने स्पष्ट झाले. ह्याचा अर्थ असा की बोलणारा आणि ऐकणारा एवढे दोघेच असतील तर कायद्यास ते प्रकरण अपुरे वाटते. तिसरा आला की ते पुरे होते. हा तिसरा म्हणजे आपण. गाडीतील अर्धे उतारू, खानावळीतील शेजारी, कचेरीत चहा घेणारे सहकारी, लग्नाच्या पंगतीतील पाहुणे. बोलणारा तरुण एकट्याने त्या वृद्धास काही म्हणाला असता तर तो वात्रटपणा ठरला असता. आम्ही हसलो म्हणून तो विनोद झाला. आपण काहीच बोललो नाही, सबब आपण निर्दोष, अशी जी आपली समजूत आहे ती म्हणूनच लबाडीची आहे.

त्या गाडीत काय करता आले असते, ह्याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. भाषण करण्याची गरज नव्हती. भांडणही नको होते. न हसणे एवढे पुरले असते. दहा माणसे हसली नाहीत तर पुढचा चुटका सांगण्यास धीर लागतो. एखाद्याने शांतपणे, "ह्यात हसण्यासारखे काय?" असे विचारले असते, तर विनोद समजावून सांगण्याची पाळी त्या तरुणावर आली असती. शिकवणीच्या वर्गांचे चालक, वसतिगृहांचे गृहपाल, शाळांचे मुख्याध्यापक ह्यांना तर ह्याहून अधिक करता येण्याजोगे आहे. वर्गात सर्वांसमोर मुलांचे प्रवर्ग पुकारून शिष्यवृत्तीचे अर्ज वाटण्याची रीत जेथे अद्याप चालू असेल तेथे ती बंद करावी. अर्ज पाकिटात घालून देता येतात, आणि त्यास खर्च फारसा येत नाही.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आम्ही आमच्याच कचेरीतील जुने अंक काढून पाहिले. रविवारच्या अंकात हशा पिकविण्यासाठी जे चुटके आम्ही छापीत आलो, त्यांत सरदारजींचे दहा-बारा, एक लमाण्यांवरचा आणि दोन 'जावयां'चे निघाले. ते छापताना आमच्यापैकी कोणाचाही हात अडखळला नव्हता, आणि वर्गणीदारांपैकी कोणाचे तक्रारीचे पत्रही आले नव्हते. ह्या आठवड्यापासून ते सदर बंद केले आहे. त्या जागी काय द्यावे हे अद्याप ठरलेले नाही. तोवर तेथे बाजारभाव येतील.