बाबांचा एप्रन

एप्रन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या तर कॉलेजातली केमिस्ट्रीची लॅब आणि अ‍ॅसिडने भोकं पडलेला तो पांढरा कोट! स्वयंपाकघरातही एप्रन असतो, हे आपल्याला टीव्हीवरच्या कुकरी शोजनी शिकवलं. आपल्या आयांनी कधी घातला होता एप्रन? त्यांचा पदर होता ना, कमरेला खोचलेला. हात पुसायला तोच, गरम पातेलं उतरवायला तोच आणि आपली नाकं पुसायलाही तोच.

तर झालं काय, गेल्या वर्षी आईच्या संधिवाताने उचल खाल्ली आणि तिचं पोळ्या लाटणं बंद झालं. ‘आजपासून किचन माझं,’ असं जाहीर करून बाबा ओट्यापाशी उभे राहिले. रिटायर्ड बँक ऑफिसर. हिशेबाला पक्के, फोडणीला कच्चे. महिन्याभरात त्यांच्या प्रत्येक शर्टावर पोटाच्या उंचीला हळदीचा एकेक नकाशा उमटला. बाबांना पदर नाही, हा खरा प्रॉब्लेम!

दुकानात एप्रन मिळतात, माहितेय. पण मी पाहिले त्यांतल्या निम्म्यांवर पाणचट विनोद छापलेले आणि उरलेले सिंथेटिक. गॅसजवळ सिंथेटिक नकोच, आच लागली तर वितळून अंगाला चिकटतं. शेवटी एका शनिवारी मंगळदास मार्केट गाठलं (रविवारी बंद असतं, लक्षात ठेवा) आणि सांगानेरी प्रिंटचं एक मीटर कॉटन घेतलं. गेरूचा रंग, त्यावर ओळीने चालणारे छोटे छोटे हत्ती. गेरूवर हळद फारशी दिसणार नाही, हा माझा हिशेब.

तशीच ठाण्याला आईकडे गेले. तिच्या पायमशीनवरून टीव्हीचा रिमोट, औषधांचा डबा आणि बरीचशी धूळ खाली उतरवली.

‘‘आधी कापड भिजव,’’ आई खुर्चीतूनच म्हणाली. ‘‘कॉटन आटतं. असंच शिवलंस तर पहिल्या धुण्यात त्यांच्या एप्रनचं लाळेरं होईल.’’

कापड वाळेपर्यंत जुन्या वर्तमानपत्रावर निम्मा एप्रन काढला. लांबी ३४ इंच. अर्धी रुंदी वर ५ इंच, खाली १४. वरून १० इंच खाली येईपर्यंत काखेचा गोलवा. झालं पॅटर्न! कापड उभं दुमडायचं, कागदाची सरळ बाजू घडीला लावायची आणि कापायचं. ४४ इंची पन्हा असेल तर दोन्ही कडांना जे उरतं, त्यात गळ्याचा बंद, कमरेचे दोन बंद आणि एक खिसा आरामात बसतो.

कापायची वेळ आली तशी आईने सवयीने कात्रीकडे हात नेला. माझे गॅदरिंगचे सगळे फ्रॉक तिने याच कात्रीने बेतलेले. बोटं कड्यात शिरेनात. एक क्षण कोणीच काही बोललं नाही. मग तिने कात्री माझ्याकडे सरकवली. ‘‘काप तू. मी बघते.’’

आणि बघितलं म्हणजे काय, एकेक टाका बघितला! काखेच्या गोलव्याला कापड ताणलं जातं, नुसतं दुमडून शिवलं की झोल येतो. तिथे तिरकी कापलेली पट्टी लावायची असते. मी शॉर्टकट मारून सरळ टीप घातली. ‘‘उसव,’’ आई. पट्टी लावली, ती वाकडी गेली. ‘‘उसव.’’ ऑफिसात बॉसने प्रेझेंटेशनची एक स्लाइड बदलायला सांगितली तरी माझं तोंड फुगतं. इथे मी मुकाट्याने तीनदा उसवलं. कारण आईचा हा हुकमी आवाज या घरात कितीतरी महिन्यांनी ऐकू येत होता.

संध्याकाळी बाबांना एप्रन घातला, बंद बांधले, दोन पावलं मागे सरकून पाहिलं... आणि पोटात गोळाच आला. सगळे हत्ती पाय वर करून! प्रिंटलाही वर-खाली असतं, कागद ठेवण्याआधी ते बघायचं असतं, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

‘‘अगं बाई, शीर्षासन करतायत!’’ आईला हसू आवरेना.

बाबांनी मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे नीट पाहिलं. ‘‘कुठे उलटे आहेत? मला तर सरळ दिसतायत,’’ म्हणाले आणि कांदा चिरायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी आईचा फोन. ‘‘पुढच्या शनिवारी येशील ना? येताना अजून एक मीटर आण. एक धुवायला टाकला की दुसरा हवा. आणि हो, या वेळी फुलं आण. चारी बाजूंनी सारखी दिसतील अशी.’’