कथासूत्र आणि रसिकांचा हक्क

संगणकावरील खेळांविषयीं आम्हीं या सदरांत लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु या खेळांतून हल्लीं दीर्घ कथा सांगितल्या जातात, त्यांचे भागामागून भाग निघतात, आणि मागल्याशीं पुढला जुळला नाहीं म्हणजे खेळणारे संतापतात. हा वाद मूळचा साहित्यशास्त्रांतलाच आहे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेक्नर यांनीं १९८९ सालीं काढला. पुढें यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २००३ मध्यें 'द सँड्स ऑफ टाइम' हा त्याचा नवा अवतार आणला. त्यांतील राजपुत्र आपली हकीकत आपणच सांगतो. खेळणाराच्या हातून तो मेला, तर असें घडलेंच नव्हतें म्हणून कथा पुन्हां मागें घेतो. पुराणिकबुवा अध्याय चुकल्यावर सांवरून घेतात, तशीच ही युक्ति. आम्हांस ती फार आवडली. शेवटीं तो काळच मागें फिरवून सारा अनर्थ पुसून टाकतो. २००४ च्या भागांत याच कृत्यास्तव काळाचा रक्षक त्याच्या पाठीस लागतो. सूत्र यांत कोठेंहि तुटलें नाहीं. उलट कारणांतून कार्य निघालें. तरीहि पुष्कळ चाहते रुष्ट झाले. कां, तर थोडा गर्विष्ठ पण विनोदी असा तो तरुण एकाएकीं रागीट व क्रूर झाला होता. आवाजहि दुसऱ्याच नटाचा होता. २००५ मध्यें पहिला नट परत आला, आणि दोन्ही स्वभावांचें भांडण एकाच देहांत दाखविण्यांत आलें.

भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त सीतेची रामाशीं पुन्हां भेट घडविली. कालिदासानें महाभारतांत नसलेला दुर्वासाचा शाप योजून दुष्यंताचें विस्मरण क्षम्य केलें. 'दशरूपक'कार धनंजयानें तर नियमच घालून दिला कीं, नायकास अनुचित अथवा रसास विरोधी असेल तें टाकावें किंवा पालटावें. घटना बदलण्याची मुभा आहे, पण ती स्वभाव व रस राखण्यासाठीं! २००४ च्या खेळकर्त्यांनीं घटना राखल्या आणि स्वभाव घालविला. आमच्या सावर्ड्याकडे शिमग्यांत संकासुरानें दर सालीं नवी थट्टा केली तरी कोणी हरकत घेत नाहीं. तो गंभीर होऊन उपदेश करूं लागला, तर मात्र लोक उठून जातील. तेव्हां चाहत्यांचा तो रोष आम्ही रास्त समजतों.

दुसऱ्या रोषाविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं. त्याच २००३ च्या भागाचें नूतनीकरण कंपनीनें आपल्या पुणें व मुंबई येथील शाखांकडे सोपविलें, आणि सप्टेंबर २०२० मध्यें तें जाहीर केलें. कथा तीच, राजपुत्र तोच. पण नमुन्याची चित्रफीत पाहतांच चित्रें जुनाट दिसतात अशी टीका जगभर उठली. मूळ खेळाचीं चित्रें आज कोणी उघडून पाहिलीं, तर तीं याहून पुष्कळच साधीं आढळतील; लोकांनीं तुलना केली ती त्या खेळाशीं नव्हे, तर आपल्या बाळपणाच्या आठवणीशीं. आठवणीशीं कोणता कारागीर बरोबरी करणार? जानेवारी २०२१ मध्यें निघावयाचा खेळ मार्चवर गेला, मग बेमुदत लांबला. मे २०२२ मध्यें तें काम कॅनडांतील माँट्रिऑलच्या शाखेकडे गेलें, आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें तें अजिबात रद्द केलें. पुण्यामुंबईच्या मंडळींनीं केलेलें काम चांगलें होतें कीं वाईट, हें खेळून पाहण्याची संधि कोणासच मिळाली नाहीं.