भिंतीवरचा फोटो पुरे, आता माणूस दाखवा

सिनेमात कुठल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपल्या पोरांचे मोबाईल बाहेर निघतात. स्क्रीनशॉट, त्यावर निळं हृदय, आणि रात्रीपर्यंत नांदेडपासून उदगीरपर्यंत प्रत्येक ग्रुपवर तेच चित्र. 2022 ला 'झुंड' आला तेव्हा बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा असलेला अमिताभ असाच फिरला. 2023 ला 'मेड इन हेवन'मध्ये राधिका आपटे पांढऱ्या साडीत बौद्ध पद्धतीनं लग्नाला उभी राहिली, तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी ताईंनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. या आनंदाला आम्ही हसत नाही. ज्या 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्याच साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तेव्हापासून इतकी दशकं ज्यांच्या घरातलं लग्न पडद्यावर लग्न म्हणून आलं नाही, त्यांना ते एकदा दिसलं तर डोळ्यात पाणी येणारच.

पण या आनंदाचीच आता आम्हाला धास्ती वाटू लागली आहे. निर्मात्यालाही कळलंय की एवढ्यावर आपण खूश होतो. फोटोला डायलॉग नसतो, फोटो मजुरी मागत नाही, फोटो पाटलाच्या पोरीवर प्रेम करत नाही. भिंतीवर तो टांगला की पुरोगामीपण झालं, आणि गोष्ट पुन्हा ज्यांची होती त्यांचीच राहते. त्याच 'मेड इन हेवन'च्या भागाबद्दल लेखिका यशिका दत्त यांनी जाहीरपणे म्हटलं की यात माझ्या आयुष्यातलं आणि लिखाणातलं घेतलंय, पण श्रेय दिलेलं नाही. निर्मात्यांनी ते नाकारलं. खरंखोटं त्यांनी बघावं. पण आमची जिंदगी कुणाच्या नावावर जमा होते, हा वाद तेव्हा चव्हाट्यावर आला. आपल्या ग्रुपवर मात्र साडीचीच चर्चा जास्त झाली.

आता 'पंचायत' घ्या. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांची आवडती मालिका, सचिवजींच्या नकला करतात. हलकीफुलकी आहे, अभिनय चोख आहे, आम्हीही हसलो. पण गावाच्या कारभाराची गोष्ट सांगणाऱ्या या मालिकेतली मोठी माणसं मोजा. सचिव त्रिपाठी, प्रधान दुबे, उपप्रधान पांडे, सहायक शुक्ला. ही फुलेरा ग्रामपंचायत उत्तर प्रदेशात आहे, आणि त्या राज्यात पाचातला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. मग आमची वस्ती कुठाय? राखीव जागेवर निवडून आलेली, खुर्चीवर बसू न दिलेली सरपंचबाई कुठाय? मुखेड, कंधार, निलंगा, औसा, कुठल्याही तालुक्यात जा. स्मशानभूमीचा रस्ता, पाण्याची टाकी कुणाच्या गल्लीत बसवायची, गायरान कुणी कसायचं, यावर पंचायतीत भांडणं होतात ती जातीची असतात. ती वगळून गाव 'निरागस' होतं. शहरातल्या माणसाला असं गाव बघायला बरं वाटतं, कारण त्या गावात त्याच्या आजोबानं कुणावर अन्याय केलेला नसतो.

कुणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीत जात कशाला ओढता, करमणूक करमणुकीसारखी बघा. या मित्रांनी 'सैराट' आणि 'धडक' एका रात्रीत लागोपाठ बघावेत. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'नं 2016 ला मराठीत पहिल्यांदा 100 कोटींचा पल्ला ओलांडला. पाटलाची आर्ची, मासेमाऱ्याचा परश्या, आणि शेवटी लेकराची रक्तात भिजलेली पावलं. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला. गाव उदयपूर झालं, कपडे महाग झाले, आणि जात जवळजवळ पुसली गेली. मग मारलं कशासाठी, हेच कळेना. जात काढली तर करमणूक तरी उरायला हवी होती ना? तीही उरली नाही.

आणि महाराष्ट्राचं काय? 'झिंगाट' वाजल्याशिवाय वरात निघत नाही. ज्या वरातीत ते वाजतं, त्याच घरातली पोरगी आपल्या वस्तीतल्या पोराबरोबर गेली तर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. 2023 च्या 1 जूनला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपला एक तरुण मारला गेला. गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून हे झालं, असं फिर्यादीत आहे. इथं प्रेमप्रकरणसुद्धा नव्हतं. नुसती जयंती होती.

दुसरा प्रकार उद्धारकर्त्याचा. 'आर्टिकल 15'मध्ये ब्राह्मण पोलीस अधिकारी चिखलात उतरतो आणि देशाला संविधान वाचून दाखवतो. लढणारा निषाद मात्र मध्येच मरतो. तमिळ 'जय भीम'मध्येही नायक वकीलच आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथली सेंगणी पोलिसांनी पुढं केलेले पैसे नाकारते आणि गरोदर बाई पायी चालत निघते, तिथं सिनेमा तिचा होतो. पा. रंजितच्या निर्मितीतला 'परियेरुम पेरुमाळ' (2018) त्याहून पुढचा. त्यातला परियन कुणाची वाट बघत नाही. मार खातो, चुकतो, उभा राहतो आणि पोरीच्या बापाला समोर बसून ऐकवतो. अशी माणसं आम्हाला हवीत. आदर्श नसली तरी चालतील.

अशी माणसं पडद्यावर यायला लागली की कात्री निघते. 2025 ला 'फुले' चित्रपट जोतिबांच्या जयंतीला, 11 एप्रिलला लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन 25 एप्रिलवर गेलं. सेन्सॉर बोर्डानं महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणायचं नाही, नुसती 'कित्येक वर्षांची' म्हणायची. जोतिबांच्या सिनेमातून महार-मांग वगळले तर जोतिबांनी शाळा कुणासाठी काढल्या? त्याच सुमारास 'चल हल्ला बोल' या चित्रपटातल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप आला, आणि ढसाळ कोण असा प्रश्न बोर्डाकडून विचारला गेल्याच्या बातम्या आल्या. पँथरला पद्मश्री देणाऱ्या देशात!

आमची खरी खंत मात्र याहून जुनी आहे. 1977 च्या जानेवारीत अमेरिकेत 'रूट्स' ही मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली. अॅलेक्स हॅली यांच्या पुस्तकावर बेतलेली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या तरुणाला मालक नवं नाव देतो, आणि तो कोरड्यांचे फटके खात आपलं नाव सांगत राहतो, कुंटा किंटे. शेवटचा भाग सुमारे 10 कोटी लोकांनी पाहिला. एका नावासाठी खाल्लेले फटके गोऱ्यांनी आपापल्या बैठकीत बसून पाहिले.

त्यानंतर दीडच वर्षानं, 27 जुलै 1978 ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले, सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. 1979 ला लाँग मार्च निघाला. 1993 ला नांदेडच्या गौतम वाघमारेंनी नावासाठी स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. आज नांदेड-लातूरची पोरं पदवी घेतात ती तिथली. सोळा वर्षं, एका नावासाठी. आमच्याकडेही कुंटा किंटे होते, इथंच, बसनं तासाभराच्या अंतरावर. त्यांच्यावर टॉकीजला पोस्टर लागलेला सिनेमा आम्ही पाहिलेला नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यावर जब्बार पटेलांचा चित्रपट आला, मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं स्टार प्रवाहवरची मालिका घराघरांत लागली. चांगलंच झालं. पण पडद्यावर आपला इतिहास 6 डिसेंबर 1956 ला संपतो. त्यानंतर ज्यांनी गावकुसाबाहेर मार खाल्ला, त्या आपल्या आजी-आजोबांची गोष्ट कोण सांगणार?

नांदेडच्या वस्तीतून शिकून गेलेले सूरज येंगडे 2023 च्या 'ओरिजिन' या अमेरिकन चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. एव्हा ड्युवर्ने यांनी जात, वंशभेद आणि नाझी कायदे यांचा धागा त्यात जोडलाय. जे नातं बाबासाहेबांनी 1946 ला ड्यु बॉइसना पत्र लिहून जोडलं होतं, तेच. नांदेड व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचलं, याचा अभिमान आहे. पण टेंभुर्णीची गोष्ट व्हेनिसहून कुणी येऊन करणार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारतात. ऑस्कर मिशो हा काळा लेखक आपली पुस्तकं दारोदार विकायचा. 1919 ला त्यानं शेतकऱ्यांना शेअर विकून, आपल्याच कादंबरीवर पहिला चित्रपट काढला. पुढच्याच वर्षी 'विदिन अवर गेट्स' काढून काळ्यांवर काय अत्याचार होतात ते दाखवलं. तेव्हा त्याच्याकडे ना स्टुडिओ होता ना सरकार. आपल्याकडे दर 14 एप्रिलला वर्गणी जमतेच. एका मंडळाचा एका रात्रीचा डीजे, त्यातली निम्मी रक्कम बाजूला काढली तर प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो आणि विहारात चार रात्री चार सिनेमे होतात. 'फँड्री' लावा, 'परियेरुम पेरुमाळ' लावा, सोमनाथ वाघमारेंचा 'चैत्यभूमी' माहितीपट त्यांच्याशी बोलून लावा. आणि पाचव्या दिवशी कॅमेरा असलेली पोरं घेऊन टेंभुर्णीला जा. 1978 पाहिलेली माणसं आता पंचाहत्तरी ओलांडताहेत. आधी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा; पटकथा नंतर लिहिता येईल.