लाज बाईची नव्हे, दवाखान्याची!

“आमच्याकडच्या बायका बोलतच नाहीत हो. फार लाजतात. मग आम्ही तरी काय करणार?” आरोग्य शिबिर असो, तालुक्याची आढावा बैठक असो की डॉक्टरांचं परिसंवादातलं भाषण असो, हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. म्हणणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटतं, सहानुभूतीचंही वाटतं. पण या एका वाक्याच्या आडोशाने बाईच्या आरोग्याची सगळी जबाबदारी तिच्याच पदरात टाकली जाते. आजार वाढला? ती बोलली नाही. कॅन्सर उशिरा कळला? ती आली नाही. दवाखाना मात्र नामानिराळा!

जयगडच्या बायका बोलत नाहीत, हे मला मान्य नाही. शास्त्री नदीच्या मुखावरचं हे बंदर. किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती, पलीकडे तवसाळ, मध्ये फेरीबोट. कुणी मासळी निवडते-विकते, कुणी शेतीबागेत राबते, कुणी अलीकडच्या वीजप्रकल्पाच्या आणि बंदराच्या आधाराने मिळेल ते काम करते. पुरुष समुद्रावर, जहाजावर, नाहीतर मुंबईला. या बायका आपल्या बैठकीत बसल्या की काय काय सांगतात! अंगावरून पांढरं जातं, पाळी पंधरा दिवसांनीच येते, पाटी उचलली की अंग बाहेर येतं, शिंकलं तरी लघवी होते, नवरा जवळ आला की दुखतं. शब्द त्यांच्याकडे आहेत आणि धीरही आहे. मग हेच शब्द डॉक्टरांच्या टेबलासमोर का फुटत नाहीत?

कारण तिथे कुणी विचारतच नाही. ठरलेले तीन प्रश्न: लग्न झालंय का, मुलं किती, ऑपरेशन झालंय का. खोलीचं दार उघडं, मागे पुढच्या पेशंटची रांग, बाजूला कंपाउंडर. पडदा असला तर तो अर्धा. बाई “अशक्तपणा वाटतो” एवढंच म्हणते आणि टॉनिकची बाटली घेऊन घरी येते. ती लाजली, की तिला लाजवलं गेलं?

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात केव्हाच मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले, तेही एकेकीला सरासरी तीन-चार. आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के! लक्षात घ्या, या बायका तपासणीला तयार झाल्या होत्या. खेड्यातल्या, गरीब, बहुतेक निरक्षर बायका. त्यांच्यापर्यंत कुणी माणुसकीने पोचलं, म्हणून त्या आल्या. तोवर पोचलं नव्हतं ते वैद्यकशास्त्र.

दुसरं उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांचं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून तिथल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत तपासणी ठेवली होती. पद्धत अगदी साधी. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. हे काम कुणी केलं? मोठ्या पदव्यांच्या तज्ज्ञांनी नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी. तपासणीला बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बायका आल्या. त्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर ग्रामीण स्त्रियांमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. एच.पी.व्ही. या विषाणूसाठी आयुष्यात एकदा तपासणी केलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो बायकांना तपासणी दिलीच नव्हती. त्यावर पुढे नैतिक प्रश्न विचारले गेले आणि ते रास्तच होते. पण म्हणूनच आज तर या ज्ञानाचा हिशेब मागायलाच हवा. बायकांच्या शरीरांवर मिळवलेलं ज्ञान बायकांपर्यंत का पोचत नाही?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशी बिघडत बिघडत कॅन्सरपर्यंत जायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या काळात बाई कितीदा दवाखान्यात जाते! बाळंतपणाला, तांबीला, मुलाच्या लसीला, सासूच्या डायबिटीसला. यातल्या एका तरी वेळी “बाई, तुमची तपासणी करून घेऊया” असं कुणी म्हणावं? ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी करावी, असं केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरवून दिलं. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयोगटातल्या शंभरात दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटाच्या पथकांनी गावोगाव तपासण्या केल्या. म्हणजे कोकणात हे जमत नाही, असंही नाही. मनावर घेतलं की जमतं.

मग मनावर का घेतलं जात नाही? एक कारण उघड आहे. टाळलेल्या आजाराचं बिल होत नाही. दुसरं कारण अधिक खोल आहे. प्रतिबंधाची गोष्ट काढायची तर लैंगिक संबंधांवर बोलावं लागतं आणि तिथे आपल्या डॉक्टरांची जीभ अडखळते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे सांगायचं कसं? नवऱ्याबद्दल विचारायचं कसं? साधी गोष्ट घ्या. कोकणातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. तो परत गेल्यावर बायकोला त्रास सुरू होतो. लिंगसंसर्ग असेल तर जोडीदारालाही औषध द्यायचं, हे सरकारी उपचारपद्धतीत लिहिलेलं आहे. पण गोळ्या मिळतात एकट्या बाईला. पुढच्या सणाला पुन्हा तेच. आणि शेरा काय मारला जातो? “स्वच्छता ठेवत जा.” संसर्ग कुणाचा, बोलणी कुणाला!

आता दुसरी बाजू पाहा. जिथे बोलायचं तिथे गप्प राहणारी हीच व्यवस्था, जिथे बोलायचं नाही तिथे किती बोलते! अविवाहित मुलगी पाळी चुकली म्हणून आली की उपचाराआधी प्रवचन. “आईवडिलांना माहीत आहे का?” गर्भपातासाठी आलेल्या बाईला “नवऱ्याची सही आणा”. मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा: १९७१चा गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती मागतो. नवऱ्याची सही त्या कायद्यात कुठेही नाही. २०२१च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या कलमात ‘विवाहित स्त्री व तिचा पती’च्या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांचाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत समावेश केला. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची डॉक्टरवर सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. दवाखान्यातला कागद मात्र अजून नवऱ्याची सही मागतो.

बलात्कारित स्त्रीच्या शरीरात दोन बोटं घालून ती ‘संबंधांना सरावलेली’ आहे का, हे ठरवणारी चाचणी तर वैद्यकशास्त्राच्या नावाने वर्षानुवर्षं चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली, तरी २०२२ साली न्यायालयाला पुन्हा तेच बजावावं लागलं. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्यासारखे डॉक्टर आणि ‘सेहत’सारख्या संस्था याविरुद्ध उभ्या राहिल्या, याची नोंद करायलाच हवी. डॉक्टर बदलू शकतात, हे ते दाखवतात. पण पाठ्यपुस्तक बदलायला किती वेळ लागतो पाहा. ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जो नवा अभ्यासक्रम काढला, त्यात कौमार्याची लक्षणं परत आली होती आणि समलिंगी संबंध लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत बसवले होते. ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. आपण गप्प बसलो असतो तर?

आणि सगळ्यात मोठा विरोधाभास गर्भाशयाचा. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही! स्त्री संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या. पंचवीस वर्षांनी, जून २०१९मध्ये, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ गर्भाशयं काढल्याची माहिती सरकारने विधान परिषदेत दिली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाळीचा खाडा पडू नये, दंड भरावा लागू नये म्हणून शस्त्रक्रियेला तयार होत होत्या. “पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल” अशी भीती डॉक्टर घालत होते. ज्या कॅन्सरची साधी तपासणी करायला कुणाला वेळ नव्हता, त्याच कॅन्सरचं नाव पिशवी काढायला बरोबर आठवलं! तपासणी केली असती, तर बहुतेकींना सांगता आलं असतं की, बाई, घाबरू नकोस, औषधाने बरं होईल.

काही जण म्हणतील, एका डॉक्टरमागे शंभर पेशंट, बाई डॉक्टर मिळत नाही, करणार काय? गर्दी खरी आहे आणि ती सरकारने रिकाम्या ठेवलेल्या जागांमुळे आहे, तिच्याविरुद्ध आपण डॉक्टरांसोबतही लढू. पण दार लावायला गर्दी आड येत नाही. हात लावण्यापूर्वी “तपासू का?” असं विचारायला नवीन इमारत लागत नाही. बाई डॉक्टर हवीच, पण तीही त्याच पुस्तकांवर शिकलेली असते. नुसतं बाई असणं पुरत नाही.

लैंगिक आरोग्यावर मराठीत निर्भीडपणे लिहिणारा माणूस याच जिल्ह्याचा. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेतले, नोकरी सोडली. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते! शंभर वर्षं उलटली तरी डॉक्टरांनी त्यांच्याइतकं तरी स्पष्ट बोलावं, ही मागणी जास्त आहे का?

म्हणून आपल्या गटांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आणि ग्रामसभेत या मागण्या लेखी द्याव्यात:

१) प्रत्येक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी बंद खोली, पूर्ण पडदा आणि सोबत स्त्री कर्मचारी.

२) तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी ठरलेल्या दिवशी, गावाजवळ. दोष आढळला तर पुढच्या उपचारांची आणि जाण्यायेण्याची सोय.

३) गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, असा मराठी फलक दर्शनी भागात.

४) गर्भाशय काढण्यापूर्वी तपासण्यांचे कागद आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत बाईच्या हातात.

५) रत्नागिरीत २०२३पासून सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना बाईशी कसं बोलायचं याचं शिक्षण. आणि ते शिकवायला गावातल्या बायकांनाही बोलवा!

अर्ज देताना एकटीने जाऊ नका, दहाजणी जा. पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा. आत गेल्यावर पहिल्यांदा आपणच उठून दार लावा आणि मग बोला. आपण लाजत नाही, हे त्यांना एकदा कळू द्या.