पखवाज्याचे गुण कोणत्या रकान्यात?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संगीतविषयक जाणिवेचे मोजमाप करावे, हा विचार वरकरणी कितीही रुक्ष वाटला तरी तो त्याज्य नव्हे. कारण ज्याची मोजदाद होत नाही त्याला विद्यापीठाच्या दप्तरात जागा मिळत नाही आणि दप्तरात ज्याला जागा नाही त्याला अंदाजपत्रकात पैसा मिळत नाही, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. प्रश्न आहे तो मापाचा.

१९१९ साली अमेरिकेत कार्ल सीशोर यांनी स्वराची उंची, काल, स्वरस्मृती यांच्या कसोट्या सिद्ध केल्या. त्यांत कानाची परीक्षा झाली. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत परीक्षांच्या पायऱ्या बांधल्या; त्यांत तालमीची परीक्षा झाली. २०१४ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील संशोधकांनी जी अडतीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिचे औदार्य हे की, रीतसर न शिकलेल्या माणसाच्या ठायीही सांगीतिक समज असते, हे तिने गृहीतच धरले.

परंतु ही उदार प्रश्नावली नवलाख उंबरे गावच्या, दिवसा तळेगावास अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि हरिनाम सप्ताहात रात्री भजनाच्या पखवाजास बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे ठेवली, तर काय होईल? वर्षभरात श्रोता म्हणून किती मैफलींस गेलात, असे ती विचारते. भजनात तर श्रोता आणि गायक यांच्यामध्ये भिंतच नसते. संगीतावर पैसा किती खर्च करता, असेही ती विचारते. या विद्यार्थ्याचा खर्च फार तर डाव्या पुडीला लावायच्या कणकेचा, तोही घरच्या डब्यातला. ती कणीक किती लावली म्हणजे नाद भरतो आणि किंचित अधिक झाली तर तो कसा बसतो, हे त्याचा हात बिनचूक जाणतो; त्यासाठी रकाना नाही. स्वतःला संगीतकार समजता काय, या प्रश्नाला तर भंडाऱ्याच्या डोंगराच्या छायेत वाढलेला, तुकोबांचे अभंग कानांवर घेत मोठा झालेला मुलगा संकोचाने नकारच देईल, आणि त्याच्या विनयापायी त्याचे गुण कापले जातील. चाल बदलताच वीस-पंचवीस टाळ एका ठोक्यात नव्या लयीवर आणणारी त्याची थाप कागदावर उमटत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांनाही श्रेयांकांची वाट मोकळी केली असल्याने ही उणीव आता केवळ तात्त्विक उरलेली नाही. गायनवर्गाचे प्रमाणपत्र आणणाऱ्या शहरी मुलास श्रेयांक मिळावेत आणि पखवाज्याने हात हलवीत परतावे, हा न्याय नव्हे. प्रश्नावली फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. तिच्यात भजन, कीर्तन, गोंधळ यांतील सहभागाचे प्रश्न घालावेत, स्वतःविषयीच्या मतापेक्षा प्रत्यक्ष कृतीस अधिक वजन द्यावे, आणि परीक्षकाने एखाद्या रात्री सप्ताहाच्या मंडपात जागरणास बसावे. त्याच्या प्रवासभत्त्याचे बिल मात्र विद्यापीठाने विनातक्रार मंजूर करावे.