बाल्कनीत बटाटा लावा, पण विकायला नको!

होम गार्डनचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, बाल्कनीत बटाटे लावून विकले तर धंदा होईल का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. बटाटे घरी खायला लावा, मुलांना माती दाखवायला लावा. विकायचंच असेल तर रताळ्याची शोभेची वेल विका.

का? आधी हिशोब. समजा एका ग्रो बॅगमधून किलोभर बटाटे निघाले आणि भाव ३० रुपये मिळाला. पिशवी, माती, शेणखत, बेणं यांचा खर्चच त्याच्या वर जातो. तीन महिने पाणी घातलंत, ती मेहनत कुठे धरली?

दुसरं कारण आपली हवा. बटाट्याचे कंद १५ ते २० अंशांत चांगले धरतात. ३० च्या वर पारा राहिला तर कंद धरणं जवळजवळ थांबतं. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार उंचावर आहे, म्हणून तिथे पावसाळ्यातही बटाटा होतो. गोरेगावात ते कुठून आणणार? मी नोव्हेंबरमध्ये सहा पिशव्या लावल्या होत्या. पाला झकास आला, बटाटे निघाले लिंबाएवढे!

आता वेलीकडे या. रताळं बटाट्याच्या कुळातलं नाही, मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातलं आहे. आपला दमट उकाडा त्याला मानवतो. शोभेच्या जातींची पानं पोपटी किंवा काळपट जांभळी असतात आणि हँगिंग कुंडीतून छान खाली सुटतात. तीन-चार पेरांचा तुकडा पाण्यात ठेवा, साधारण आठवड्यात मुळं फुटतात. म्हणजे एकदा रोप आणलं की पुढचा माल घरातच तयार. फक्त ऊन हवं, सावलीत रंग उतरतो.

पण एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे. रताळ्याचा कोवळा पाला भाजी म्हणून खातात, बटाट्याचा पाला मात्र विषारी असतो. हिरवे पडलेले बटाटेही खायचे नाहीत. शोभेच्या वेलीखालचं रताळं खाता येतं, पण चवीला बेताचंच. आणि रोपावर औषध मारलं असेल तर ते "खाऊ नका" असं सांगूनच विका. एका घरात कोणाचं पोट बिघडलं, तर अख्ख्या सोसायटीत तुमचं नाव जाईल. छोट्या धंद्यात नाव हेच भांडवल!

या रविवारी आरेच्या रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत चक्कर मारा. अशी वेल मिळते का विचारा, भाव वहीत लिहा. एकच रोप आणा, त्याची दहा करा, ओळखीच्यांना विका. दहा रोपं पैसे मोजून गेली, तरच अकराव्या कुंडीवर खर्च करा. नाही गेली, तर नुकसान एका रोपाचं. कर्ज काढून पन्नास ग्रो बॅग आणण्यापेक्षा हे केव्हाही बरं, नाही का?